मंगळवारपर्यंत थांब

"सगळं हसू शनिवारीच उधळून टाकलंस, तर मंगळवारी हसायला काय उरेल गं?"

ताई हे म्हणाली तेव्हा तिच्या कडेवर सात महिन्यांचं पिल्लू होतं, खांद्यावर दुधाचा डाग होता, आणि धाकटी आरशासमोर बसून पापण्यांना चमकी लावत होती. धाकटीने आरशातूनच डोळे फिरवले.

"ताई, आई झाल्यापासून तू अगदी हवामान खातं झाली आहेस. लख्ख ऊन पडलं तरी तुला ढग दिसतात."

ताई काही बोलणार, तेवढ्यात पिल्लाने चमकीची डबी स्वतःच्या डोक्यावर उपडी केली. ते असं काही झगमगायला लागलं, की दोघी बहिणी पोट धरधरून हसल्या. ताईचा इशारा त्या हसण्यात वाहून गेला तो गेलाच.

वर्षभर शनिवार येत राहिले. भिंगरी नावाची एक मैत्रीण होती. खरं नाव काहीतरी वेगळंच, पण गाणं लागलं की गरगर फिरायची म्हणून भिंगरी. ती धाकटीच्या तळहातावर एक इवलीशी गोळी ठेवायची आणि मग काय... दिवे जवळ यायचे, अनोळखी माणसं सख्खी वाटायची. एकदा तर धाकटीने एका अनोळखी मुलाला लग्नाचं वचन देऊन टाकलं होतं, आणि ते अगदी मनापासून! मंगळवारी तिला त्याचा चेहरासुद्धा आठवेना.

मंगळवार. रविवार झोपेत जायचा, सोमवार कसाबसा ढकलला जायचा, आणि मंगळवारी दुपारी कुणीतरी आतला दिवाच काढून नेल्यासारखं व्हायचं.

धाकटी चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. अंगात पांढरा कोट, खिशात बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि ओठांवर दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न – "पहिलं स्पष्ट की दुसरं?" अशाच एका मंगळवारी खुर्चीतले आजोबा म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसतंय, बाळ." झालं! धाकटीला रडू फुटलं. साधंसुधं नव्हे, थांबता थांबेना असं. आजोबा बिचारे घाबरून गेले. "पहिलं! अगं, पहिलं स्पष्ट आहे! छान दिसतंय पहिलं!"

दुकानातून ताईला फोन गेला. ती पिल्लाला कडेवर घेऊन धावत आली, मागच्या खोलीत फ्रेमच्या खोक्यांमध्ये जमिनीवरच बसली. 'मी सांगितलं होतं तुला' हे शब्द तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आले असणारच. पण तिने ते गिळले. "चल," एवढंच म्हणाली.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्या गोळ्या बंद, हे तर झालंच. शिवाय रोज चालणं, वेळेवर झोप, आठवड्यातून एकदा येऊन बोलणं, आणि रोज सकाळी औषधाची एक साधी पांढरी गोळी. "ही गोळी नाचवणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मन उभं राहीपर्यंत हात धरेल, बस. पण आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि मंगळवार अजून काही दिवस येत राहतील. घाबरायचं नाही."

तर, त्या दिवसापासून मोजून बेचाळिसाव्या दिवशी सकाळी धाकटीचा पांढरा कोट लाँड्रीतून परत आला, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

त्या लाँड्रीचा एक नियम होता. कपड्याच्या खिशात जे सापडेल ते खाकी पाकिटात घालायचं, त्यावर कपड्याचा नंबर टाकायचा आणि पाकीट कपड्याला टाचून परत द्यायचं. मग ते तिकीट असो नाहीतर टाचणी. धाकटीने पाकीट उघडलं. आदल्या दिवशी खिशात विसरलेली औषधाची पिशवी असणार त्यात, अशा खात्रीने उघडलं. आत नुसती चिठ्ठी!

'तुमच्या खिशात जे होतं ते मी बेसिनमध्ये सोडून दिलं. हवं तेवढं रागवा. पण त्यातून काही मिळत नाही, हे अनुभवाने सांगतो. तिसरं बटण सैल होतं, लावून दिलं आहे.'

धाकटीच्या पायातली चप्पल उलटी की सुलटी, तिला समजलं नाही. ती तडक लाँड्रीत.

"चिठ्ठी कोणी लिहिली?"

वाफेच्या ढगामागून एक उंच मुलगा बाहेर आला. बाह्या कोपरापर्यंत वर, कपाळावर घामाने चिकटलेली एक बट, आणि डोळे असे किलकिले केलेले, जणू धाकटी समोर नाही, पलीकडच्या डोंगरावर उभी आहे.

"मी. तुम्ही... पांढरा कोट?"

"माझ्या गोळ्या फेकल्यात तुम्ही?"

"सात होत्या."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. विचारलं असतं, तर 'डोकेदुखीच्या आहेत' म्हणाला असतात. मीसुद्धा हेच म्हणायचो."

"अहो, औषध होतं ते! मनाच्या डॉक्टरांनी दिलेलं! त्या तसल्या गोळ्या सोडल्या ना मी, म्हणून दिलेलं!"

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. जी गोष्ट ताई आणि डॉक्टरबाई सोडून कुणाला ठाऊक नव्हती, ती तिने भर दुकानात ओरडून सांगितली होती. रांगेतले एक गृहस्थ स्वतःच्या विजारीची शिवण अतिशय मन लावून पाहू लागले.

इस्त्रीवाल्याचा चेहरा कोटापेक्षा पांढरा पडला.

"पण... ती पिशवी? तसली बारीक, दाबून बंद करायची? औषध असल्या पिशवीत कोण ठेवतं?"

"डबीवर माझं नाव आहे! दुकानातल्या मुलींनी पाहिलं असतं म्हणजे?"

"आणि गोळीवर फूल कोरलेलं होतं. तसल्यांवरच असतं."

"फूल? ते कंपनीचं अक्षर आहे! दिसतं की नाही तुम्हाला?"

"दिसतं की. चांगलं दिसतं."

"त्या भिंतीवर काय लिहिलंय?"

"कुठल्या भिंतीवर?"

एवढ्यात आतून त्याची आत्या आली. दुकान तिचं, नियमही तिचाच. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"तीस वर्षं झाली मला! लोकांच्या खिशात प्रेमपत्रं सापडली, कवळी सापडली, एकदा तर जिवंत बेडूक सापडला. सगळं परत दिलं! आणि हा शहाणा, दीड वर्षात नियम बुडवून मोकळा!"

"बेडूकसुद्धा?" रागाच्या भरातही धाकटीच्या तोंडून निघालंच.

"पाकिटाला भोकं पाडून," आत्या अभिमानाने म्हणाली. मग भाच्याकडे वळली. "उभा काय राहिलास खांबासारखा? जा तिच्याबरोबर. औषध हातात पडल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

धाकटीने डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी आधी गोळीचा दिवस चुकवू नकोस म्हणून बजावलं, मग घडलेलं ऐकलं, आणि फोनवरच खुदकन हसल्या. नवी चिठ्ठी औषधाच्या दुकानात पोचते म्हणाल्या. इस्त्रीवाला तिच्या अर्धं पाऊल मागून चालत होता, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "चांगलं करायला गेलो आणि... हात दाखवून अवलक्षण."

धाकटीने चालायचा वेग वाढवला.

"मला सव्वादोन वर्षं झाली. सोडून. पिशवी हाताला लागली आणि डोकंच फिरलं. वाटलं, माझ्या वेळी कुणीतरी असंच बेसिनमध्ये सोडून दिलं असतं तर..."

तिने चालता चालता पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "सव्वादोन वर्षांनी कसं असतं?"

"बरं असतं. खरंच. सुरुवातीला वाटायचं, आता जन्मभर सगळं करडंच दिसणार. गाणं ऐकलं तरी लाकूड ऐकल्यासारखं. मग एके दिवशी आत्याने स्वतःचाच चष्मा बर्फाच्या कप्प्यात ठेवला आणि घरभर शोधला. मला हसू आलं. फुकटचं, आपलं आपण आलेलं! इतका घाबरलो मी... म्हटलं हे आलं कुठून?"

धाकटी हसली. आणि तीही जरा घाबरलीच.

"आणि मंगळवार?" तिने हळूच विचारलं.

त्याने ते कसले मंगळवार म्हणून विचारलं नाही. यातच सगळं आलं.

"मंगळवारी मी फक्त रुमाल करतो. आत्याने घालून दिलंय. वाईट दिवशी शर्टाच्या वाट्याला जायचं नाही. कॉलर आहे, बाह्या आहेत, नाना भानगडी. रुमाल म्हणजे चार कोपरे. एक झाला की एक झाला."

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी लाँड्रीत गेली. सहज. म्हणजे अगदीच सहज नव्हे, पण ताईने विचारलं असतं तर तिने सहजच म्हणून सांगितलं असतं. त्याने तिच्यापुढे रुमालांचा ढीग ठेवला. गरम कापडाचा वास, वाफेचा सुस्कारा, हाताखाली सपाट होत जाणारा एकेक चौकोन... तासाभरात अकरा रुमाल झाले. दिवा लागला नाही, पण काळोख थोडा मागे सरकला.

"कोपरा दुमडलाय," तो म्हणाला.

"तुम्हाला कुठून दिसला?"

"तुमच्याकडे पाहत होतो, मधे आला."

धाकटीने इस्त्री जरा जास्तच जोरात फिरवली.

मग तिने त्याला खुर्चीत बसवलं. म्हणजे नजर तपासायच्या. "दुसऱ्या कुणाचं औषध फेकायच्या आत!" अशी दमदाटी करून. अंधाऱ्या खोलीत ती त्याच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत होती. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर, आणि त्याच्या शर्टाला नुकत्याच केलेल्या इस्त्रीची ऊब.

"पहिलं स्पष्ट की दुसरं?"

"पुन्हा विचारा."

"पहिलं... की दुसरं?"

"अजून एकदा."

"कळत नाही का?"

"केव्हाच कळलं. आवाज छान वाटतोय."

"गप्प बस!" ती म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत 'अहो'चा 'अरे' झाला तो कायमचा. चष्मा सोमवारी मिळेल, असं तिने अगदी कामकाजी आवाजात सांगितलं. मग दार बंद करून त्याच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसली.

अशा गोष्टी लपत नसतात. "रुमाल फार होतात हल्ली तुमच्या दुकानात," आत्याला ताई म्हणाली. हो, तोवर ताई लाँड्री पाहून आली होती! दुपटी धुवायला टाकायचं निमित्त. काळजी करणाऱ्या बायकांना निमित्तं कमी पडत नाहीत. तिने इस्त्रीवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं, दोन प्रश्न विचारले, आणि पिल्लू त्याच्या हातात देऊन पाहिलं. पिल्लाने त्याची बट ओढली. तो पास झाला.

मग चष्मा मिळायच्या आधीचा शनिवार आला.

सकाळीच भिंगरीचा निरोप – 'येतेस ना आज? तुझ्यावाचून मजा नाही!' धाकटीने 'नाही गं' लिहिलं, हृदयाचं चिन्ह टाकलं आणि फोन पालथा ठेवला. दुपारी ती आणि इस्त्रीवाला तळ्यावर गेले. तिथे बदकाच्या आकाराची, पायांनी चालवायची होडी होती. त्याचे पाय लांब, तिचे आखूड. होडी पुढे जाईना, जागच्या जागीच गोल फिरू लागली. काठावरची खरी बदकं मानेला रग लागेस्तोवर बघत होती.

"हळू मार ना पाय!"

"तू जोरात मार!"

"जोरातच मारतेय! बूड हलवलंस तर पालथे होऊ!"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हाचे तुकडे पाण्यावर नाचत होते. आणि तो एकाएकी पाय थांबवून म्हणाला –

"मला तू आवडतेस. खूप. माझ्याबरोबर... राहशील? म्हणजे, नेहमीसाठी विचारतोय."

धाकटीचं काळीज धडधडू लागलं. तळहात गरम झाले. पाणी, ऊन, बदकं, सगळं जग एकदम जवळ आलं, सख्खं झालं... आणि तिथेच ती दचकली. हे तर ओळखीचं होतं! अशीच धडधड, असेच गरम तळहात, असाच शनिवार. 'हो' ओठांवर आलेलं होतं. पण असं 'हो' ती यापूर्वीही एकाला बोलून बसली होती.

"आज नको विचारूस," ती म्हणाली. "शनिवारी माझा माझ्यावर विश्वास नसतो. मंगळवारपर्यंत थांब. मंगळवारी टिकलं तर... खरं."

दुसरा कुणी असता तर रुसला असता. त्याने फक्त मान हलवली.

"मंगळवारी विचारतो," तो म्हणाला. "आता पाय मार, नाहीतर मंगळवारपर्यंत इथेच फिरत राहू."

रविवार छान गेला. सोमवारी त्याचा चष्मा तयार झाला, पण तिची सुट्टी होती, तो दुसऱ्या मुलीने दिला. आणि मंगळवार उजाडला तो थेट छातीवर दगड ठेवूनच.

दोन आठवडे बरे गेले होते, म्हणून हा जास्त जड वाटला. धाकटीने दुकानात येत नसल्याचं कळवलं, गोळी घेतली आणि पुन्हा पांघरूण ओढलं. तळं आठवून पाहिलं. काही नाही. त्याचा चेहरा आठवला, पण आत काहीच हललं नाही. 'बघ,' मन म्हणालं, 'शनिवारचंच होतं ते. तुझ्यात आता आपलं आपण काही उगवत नाही.' तिचा अंगठा फोनवर भिंगरीच्या नावाशी जाऊन थांबला. एक निरोप, की पुढच्या शनिवारी पुन्हा सगळं झगमगीत. निदान काही तास.

आणि तेवढ्यात फोन वाजला. ताई. दर मंगळवारी अकरा वाजता वाजायचा तसा.

"उठलीस?"

"हं."

"काय खाल्लंस?"

"गोळी."

"बरं. जड आहे का आज?"

"ताई, मला काहीच वाटत नाहीये. त्याच्याबद्दलसुद्धा. मी त्याला काय सांगू?"

पलीकडे पिल्लू रडत होतं. ताई त्याला थोपटता थोपटता म्हणाली, "मला रोज पहाटे या पिल्लाबद्दल काय वाटतं ठाऊक आहे? काहीसुद्धा नाही. झोप हवी असते नुसती. तरी पाय आपले त्याच्याकडेच जातात. तू आधी काहीतरी खा. मग बघ, पाय कुठे जातात ते."

धाकटीने ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले. केस विंचरायचाही उत्साह नव्हता. चार वाजता ती लाँड्रीच्या दारात उभी होती.

इस्त्रीवाल्याने मान वर केली. नाकावर नवा चष्मा. तिच्या जागेवर रुमालांचा ढीग सकाळपासून ठेवलेला होता. तिने पहिला उचलला. चार कोपरे. मग दुसरा. सातव्या रुमालाला तो म्हणाला –

"मंगळवार आहे."

"हो."

"विचारू?"

"आधी ऐक." तिने इस्त्री उभी केली. "आज मला आनंदबिनंद काही झालेला नाही. धडधड नाही. तुला पाहून पोटात फुलपाखरं वगैरे... एकसुद्धा नाही. केस चार दिवस धुतलेले नाहीत."

"दिसतंय. नवा चष्मा आहे."

ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला.

"तरीही... यावंसं इथेच वाटलं. दुसरीकडे कुठेच नाही. काही वाटत नसतानाही इथेच. म्हणजे मग ते..." तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. "आता तू सांग. शनिवारची मी, की ही? पहिलं स्पष्ट की दुसरं?"

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, आणि तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की मशीनमधली वाफ सुस्कारा टाकून थांबली.

"दुसरं," तो म्हणाला. "शनिवारी जरा अंधुक होतीस. माझ्याकडे चष्मा नव्हता."

आणि धाकटी हसली. आपलं आपण आलेलं, फुकटचं हसू... भर मंगळवारी!

"हो," ती म्हणाली. "नेहमीसाठी हो."

"कोपरा जळतोय!" आतून आत्या ओरडली. खरंच जळत होता. इस्त्री उभी केली, असं धाकटीला नुसतं वाटलं होतं. त्या रुमालाच्या मालकाला आत्याने नवा रुमाल दिला, आणि करपलेला खाकी पाकिटात घालून दोघांच्या हवाली केला. नियम म्हणजे नियम.

त्यानंतरही मंगळवार आले. काही जड, काही हलके, काही तर कधी होऊन गेले तेही समजलं नाही. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरबाई ठरवतात, रुमाल किती करायचे हे आत्या. धाकटी आणि इस्त्रीवाला अजून होडीत बसले की गोलच फिरतात.

पण 'हो' म्हटलं त्याच दिवशी, लाँड्रीतून घरी जाताना, धाकटीला एक गोष्ट आठवली होती. आपल्याला मंगळवारी अकरा वाजता ताई असते. भिंगरीला कोण असतं? शनिवारी तिच्याभोवती शंभर माणसं नाचतात. मंगळवारी? तिने रस्त्यातच फोन लावला. आठव्या घंटेला उचलला गेला.

"काय गं?" भिंगरीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "आज शनिवार नाहीये."

"माहीत आहे. म्हणून तर केला. काय खाल्लंस?"

पलीकडे पांघरूण सळसळलं. मग नाक ओढल्याचा आवाज. "...काही नाही."

"येते मी. ब्रेड घेऊन येते. आणि चार रुमाल."

तुमच्याही ओळखीत अशी एक भिंगरी असेल. सगळ्यात मोठ्याने हसणारी, सगळ्यात शेवटपर्यंत नाचणारी. तिची काळजी करावी, असं कधी तुमच्या मनातही आलं नसेल. शनिवारी तिला सगळेच फोन करतात. तुम्ही मंगळवारी करा. उपदेश करू नका, 'मी सांगितलं होतं' तर अजिबात म्हणू नका. नुसतं विचारा, काय खाल्लंस? आठ घंटा वाजेपर्यंत थांबा. आणि नाहीच उचलला, तर... चप्पल घाला आणि जा.